चादरीवरची बोटं

"दुखतंय?"

"छे, अजिबात नाही," थोरली म्हणाली. बोटांनी मात्र चादर गच्च धरली होती.

फिजिओबाई जांघेतून दाबत दाबत वर, थेट ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत गेल्या. खेळाडूंच्या तोंडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वीस वर्षांत खरं बोललेला एकही भेटला नाही म्हणे! म्हणून त्या फक्त हात बघायच्या. आठ आठवडे इथे येऊन थोरलीला बाईंच्या सगळ्या सवयी पाठ झाल्या होत्या.

तिचा जीव टांगणीला लागला होता. उद्या निवडीचा सामना. संघात गोलरक्षक दोघीच: एक ती, दुसरी बाहेर बाकावर तिची बॅग सांभाळत बसलेली तिची धाकटी बहीण. धाकटी तीन वर्षं राखीव. यंदाही खेळायला मिळालं नाही तर कायमचं सोडते, असं कालच घरात जाहीर करून ती मोकळी झाली होती.

"हे गुडघ्यांमध्ये धर आणि दाब." बाईंनी रक्तदाब मोजायचा पट्टा दिला. "काटा दोनशेच्या वर गेला तर उद्या खेळ."

थोरलीने डोळे मिटले. बाईंना कळलं तर सगळंच मुसळ केरात. काटा थरथरत एकशेतीसवर थांबला.

"दुखत नाहीये हो, खरंच! सकाळपासून काही खाल्लं नाही, म्हणून जोर लागला नाही."

"मला शिकवू नकोस. मोजे काढायला खुर्चीत टेकलीस, तेव्हाच ओळखलं मी. ज्याची जांघ बरी असेल तो उभ्या उभ्या मोजा काढतो, उभ्या उभ्या घालतो." बाईंनी कागदावर सही ठोकली. "उद्या खेळायचं नाही. अजून तीन आठवडे विश्रांती."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनाही वाईट वाटलं. "पुढच्या वर्षी खेळशील गं," म्हणत त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बूट-मोजे हातात घेऊन, भिंतीला धरत ती बाहेर आली. मागे दार लोटलं. धाकटी धडपडत उठली.

"काय झालं ताई? खेळतेयस ना?"

थोरलीने एका पायावर उभं राहून, कशालाही न धरता, मोजा चढवला. मग दुसऱ्या पायावर उभं राहून दुसरा.

"तुझे ग्लोव्हज धुऊन ठेव," ती म्हणाली. "उद्या गोलात तू."