एकशे बारा पावलं

आईने दोन वर्षं उंबरठा ओलांडला नव्हता. उघड्यावर गेलं की तिचा श्वासच कोंडायचा. पेणचे डॉक्टर आमच्याकडे जोह्याला यायचे. आधी तिच्याशी मोकळं बोलत बसायचे, मग मेंदूचा व्यायाम द्यायचे: डोळे मिटून, पावलं मोठ्याने मोजत मनातल्या मनात चालायचं आणि तशीच मोजत परत यायचं. "सध्या अंगणातल्या तुळशीपर्यंतच," असं त्यांनी बजावलं होतं.

पण मी वक्तृत्वात पहिली आलेली! शनिवारी शाळेत बक्षीस समारंभ होता आणि आई समोर बसायलाच हवी होती. म्हणून सकाळी शाळेआधी मी तिला मनातून थेट गणपतीच्या कारखान्यात नेलं. एकशे बारा पावलं झाली.

"पोचले गो नमे," ती हसली. "मूर्ती हाय समोर. डोळे आखते."

मूर्तीचे डोळे आखण्यात आईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. एक डोळा आखला की दुसरा पुरा केल्याशिवाय उठायचं नाही, हा तिचाच नियम.

"एक झाला," ती म्हणाली.

"पुरे गो आये, माझी एसटी चुकंल! चल घरी."

"अर्ध्यावरून उठवतेस व्हय?" पण ती मनातच उठली आणि परतीची पावलं एकपासून मोजू लागली. एकशे दहा, एकशे अकरा, एकशे बारा. एकशे तेरा.

"आये, थांब! घर आलं."

"नाय गो. हितं घर नाय." एकशे वीस. "दार कुठं हाय?"

मी तिला गदागदा हलवलं. डोळे उघडेनात. मग तिचे ओठही हलायचे थांबले.

मोजणं थांबलं नाही. एकशे पन्नास, एकशे एक्कावन्न... आईचा आवाज बाहेरच्या रस्त्यावरून येत होता, आणि लांब लांब चालला होता.