जांभळा चुना

मालनच्या घराची कारखान्याकडची भिंत वांग्यासारखी जांभळी झाली होती. धुरातलं आम्ल शोषायला कारखान्याने आणलेली नवी पांढरी पूड आम्ल लागलं की जांभळी व्हायची, आणि कामगारांनी सांडलेली पूड दिवाळीत घरी आणून एकेका भिंतीला चुन्यासारखी लावली होती.

"ताई, उद्या प्रदूषणाची तपासणी आहे. आमची माणसं फुकटात पांढरा रंग मारून देतील," कारखान्याचे देवस्थळीसाहेब म्हणाले.

"धुराड्यात पूड सोडायला माणसं नाहीत, माझ्या भिंतीला बरी मिळाली."

"तुमच्या नवऱ्याची नोकरी आमच्याकडेच आहे."

नवरा खोकत, हातात ब्रश घेऊन बाहेर आला. साहेबांचा चेहरा खुलला.

त्याने बादलीत उरलेली पूड कालवली आणि रस्त्याकडची भिंत रंगवायला घेतली.

"सकाळपर्यंत हीपण जांभळी होईल, साहेब," तो म्हणाला.