पडद्यावर सगळं हिरवं

बसा, एक गोष्ट सांगतो, मधे बोलू नका. चाळीस दवाखान्यांत लसींच्या थंड खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक छोटा कॉम्प्युटर. तो मिनिटामिनिटाला थंडावा कळवायचा, अन् एक गडी ऑफिसात बसून पडद्यावर बघायचा. नेट तुटलं की पडदा लाल आणि बोंबाबोंब! वैतागून त्यानं करून ठेवलं: निरोप नाही आला, तरी हिरवंच दाखव.

एका दुपारी खोली सांभाळणाऱ्या मावशीचा फोन आला. "दादा, खोली गरम लागतेय."

"मावशी, इथं हिरवंगार आहे. तुमचंच अंग तापलं असेल!"

लसी वाया गेल्या. फ्यूज उडून तिथलं थंडाव्याचं मशीन बंद अन् कॉम्प्युटर दोन दिवस मुका होता, हे गड्यानं पाहिलं अन् गिळलं. साहेब म्हणाले, "मशीन ठीक म्हणतंय, म्हणजे बाईनंच दार उघडं टाकलं." मावशीचं काम गेलं.

जाताना तिनं त्यालाच फोन केला. "दादा, मशीन थोडंच खोटं बोलणार? मीच विसरले असेन. वय झालं."

त्यानं फोन ठेवून दिला. तिला खरं सांगायला अजून उचललेला नाही. तुम्ही तिच्याच गल्लीत राहता ना? जाता जाता तेवढं सांगा तिला, दार बंदच होतं म्हणून.