मेलेल्यांनी हलायचं नाही

हिरवा कपडा दोन बांबूंवर ताणून बांधलाय. परग्रहावरचे लोक तिथं बसणार आहेत. ते अजून आलेले नाहीत. नंतर, कॉम्प्युटरवर येतील.

रक्त गोड आहे. मुंग्या लागल्यात.

नेकनूरला आश्रुबाच्या घरात थोरल्या पोराचा, समाधानचा वर्दीतला फोटो आहे, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, हार घातलेला. त्याच्या पलीकडं एक रिकामा खिळा होता. तो पोरांच्या आईनं, केशरबाईनं पकडीनं उपटून काढला.

धाकटा सत्यम कॉम्प्युटर शिकायला अंबाजोगाईला राहतो.

मेलेल्यांनी हलायचं नाही.

हे शेवटचं वाक्य भोंग्यातून आलं. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यावर एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं. नजर जाईल तिथवर करडी राख. दुसरा ग्रह दाखवायला याहून बरी जागा सापडली नसती. राखेत पन्नासेक सैनिक मरून पडले होते, आणि आश्रुबा आपल्या टँकरचा पाइप खांद्यावर घेऊन कडेला उभा होता.

"ह्ये कावून लढायलेत, ताई?" त्यानं विचारलं.

भोंगा सायलीच्या हातात होता. ती दिग्दर्शकाची मदतनीस, पुण्याची. "कशासाठीच नाही, काका. परग्रहवाले पृथ्वीवरून सैनिक उचलून आणतात, त्यांची आपसांत लढाई लावून देतात आणि वर बसून बघतात. सैनिकांना वाटतं, आपण देशासाठीच लढतोय."

"अन् ह्यांचे मायबाप?"

"ते स्टोरीत नाहीत." सायली हसली. "पोरं मात्र झकास पळतात हां. भरतीच्या अकॅडमीतली आहेत सगळी. उद्याचे खरे जवान. चला, पाणी मारा. अंगावरूनही मारा. पाऊस पडून गेलाय असं दाखवायचंय, सगळे भिजले पाहिजेत."

आश्रुबानं कॉक सोडला आणि मेलेल्यांतून वाट काढत निघाला.

"मामा, जरा गरम पाणी न्हाई का?" भिजता भिजता एक जण कुजबुजला.

"गप बे, मुडद्या," शेजारचा मेलेला म्हणाला, आणि दोघंही फिस्सकन हसले.

आश्रुबाही हसला. मग थांबला.

सगळे हातपाय फेकून मेले होते. एकच जण कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात मांड्यांत दाबून पडला होता. असं कोण झोपतं, हे आश्रुबाला तोंड न बघताही ठाऊक होतं.

पाइपचं पाणी त्याच्या स्वतःच्याच पायांवर पडत राहिलं.

"सत्या."

पापणी हलली.

"कम्प्युटर हितं शिकवायलेत का रं?"

मेलेल्यानं डोळे मिटून घेतले.

"ऊठ. घरी चल. भितीला खिळासुद्धा ठिवला न्हाई तुझ्या मायनं. तुला दिसलं न्हाई का?"

ओठ न हलवता सत्यम म्हणाला, "आबा, पुढच्या महिन्यात भरती हाय. ग्राउंड पक्कं निघायलंय माझं. जावा ना. शॉट जाईल."

"ऊठ म्हणतो ना म्या."

"मेलेल्यांनी हलायचं नाही!" भोंगा ओरडला.

सत्यमनं डोळे आणखी घट्ट मिटले.

आश्रुबा पुढं सरकला. उरलेले सगळे त्यानं भिजवले. सत्यमभोवती मात्र पाइप असा फिरवला, की त्याच्यावर एक थेंब पडला नाही. ओल्या, काळ्या पडलेल्या राखेत तो एकटाच कोरडा राहिला.

मंडपात दिग्दर्शकानं समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. सायली राख तुडवत आली.

"काका, तो एक राहिला की."

"राहू द्या."

"राहू द्या कसं? सगळ्यांवर पाऊस पडला आणि ह्याच्या एकट्यावर नाही?"

"त्यो मेलेला न्हाई."

"मेलाय, काका. पहिल्याच शॉटला," सायली समजुतीनं म्हणाली. "मीच पाडला त्याला."

आश्रुबानं पाइप दिला नाही, पण घट्ट धरलाही नाही. सायलीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि सत्यमवर डोक्यापासून पायांपर्यंत पाणी सोडलं. तोंडावरची राख ओघळली. रक्ताला लागलेल्या मुंग्या वाहून गेल्या. पाणी कानात गेलं, नाकात गेलं.

आश्रुबा वाट बघत होता. एखादी शिंक. एखादा ठसका. काहीही.

सत्यम हलला नाही.

"बघा रे बाकीच्यांनी!" सायली खुशीत येऊन भोंग्यातून म्हणाली. "मरायचं तर असं मरायचं!"

समाधानची पेटी आली तेव्हा ती उघडायची नाही, असं सोबत आलेल्या जवानांनी सांगितलं होतं. त्याला आंघोळ घालायला केशरबाईनं तापवलेलं पाणी चुलीवर तसंच राहिलं.