तीस नंबरचं मलम

"गोरं नाय व्हायाचं मना," बायजा म्हणाली. "शेतावर जायाचं हाय."

रुडॉल्फचा हात काउंटरवर तसाच थांबला. पापडीच्या नाक्यावर औषधांचं दुकान चालवताना बाया चेहऱ्याचं क्रीम कशासाठी मागतात ते त्याला पाठ झालं होतं. त्यामुळे पन्नाशीच्या या बाईपुढेही त्याने न विचारता उजळ मुलीच्या चित्राचं खोकं ठेवलं होतं.

बायजाने तोंडावरचा पदर बाजूला केला. दोन्ही गाल आणि नाक, मधली सगळी कातडी तांबूस पडली होती, वाफेने भाजल्यासारखी.

"ऊन चालत नाय," ती म्हणाली आणि तिने ब्लाउजमधून घामाने मऊ झालेली चिठ्ठी काढली.

दुकानाच्या पायरीवर तिचा नवरा शत्रुघ्न उभा होता. तो आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "काय देऊ नका तिला. घरातच बसनार हाय ती. शेत मी जयवंतला कसायला देतोय. संध्याकाळी बोलनी करायला येतोय तो."

बायजाने मागे पाहिलं नाही. "वाचा," ती रुडॉल्फला म्हणाली.

रुडॉल्फने चष्मा लावून वाचलं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं. या आजारात ऊन अंगात आग भडकवतं. गोळ्या चालूच ठेवायच्या. चेहऱ्याचं ऊन अडवणारं क्रीम रोज लावायचं, ढग असले तरी. दोन-तीन तासांनी पुन्हा. शेतात जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, पूर्ण बाह्या घालून. खाली क्रीमच्या ऊन अडवण्याच्या ताकदीचा आकडा होता, तीस, आणि त्याला गोल केलेला.

"पंधराचं पण आहे, मावशी," रुडॉल्फ म्हणाला. "हलकं लागतं, वासही छान येतो. ऑफिसला जाणाऱ्या मुली तेच नेतात."

"हापिसात ऊन कुठं असतं? तीसच द्या."

तीसच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या ट्यूबा होत्या. रुडॉल्फने कंपनीच्या माणसाने ठेवलेले नमुने काढले. बायजाने बाह्या वर सारल्या. एका हाताच्या मागच्या बाजूला एक लावलं, दुसऱ्या हाताला दुसरं. चोळलं. वास घेतला. मग म्हणाली, "थोरं पानी द्या."

"प्यायला?"

"वतायला."

रुडॉल्फने तांब्या दिला. तिने पायरीशी वाकून दोन्ही हातांवर पाणी ओतलं. एका हातावरून पांढरं पाणी पेजेसारखं ओघळलं. दुसऱ्यावर पाण्याचे थेंब उभे राहिले, जसे अळूच्या पानावर राहतात.

"ह्ये टिकतं," ती म्हणाली. "घामानं डोळ्यांत उतरनार नाय."

"बायजे," शत्रुघ्न खाली बघत म्हणाला, "लावनीत तुला बांधावरून उचलून आनली मी. रिक्षा मिळंपर्यंत अंगावर घेऊन धावलो. नऊ दिवस ताप उतरत नव्हता तुझा. परत तसं झालं तर मी काय करू?"

रस्त्यावरून एक स्कूटर गेली. रुडॉल्फ उगाचच कपाटातल्या बाटल्या सरळ करू लागला.

बायजाचा आवाज चढला नाही. "तवा मना ठाव नव्हतं काय होतंय ते. आता ठाव हाय."

"लोकं काय म्हनतील, आजारी बायकोला राबवतो."

"लोकांना सांगा, ती ऐकत नाय. जयवंतला च्या पाजा नि परत पाठवा. भात कापून झालंय, जमीन वापशावर हाय, ओल पेरन्याजोगी हाय. पुढच्या हप्त्यात वाल पेरायचाय. सकाळी सहाला जाईन, साडेआठला सावलीत येईन. मधलं तुमी बघा. पन पेरनी मी करनार."



बायजाने टिकणारी ट्यूब घेतली आणि तिथेच, शोकेसच्या काचेत बघून, क्रीम लावायला लागली. ते दाट होतं. सावळ्या चेहऱ्यावर पांढरे पट्टे उमटले. शाळा सुटून घरी चाललेल्या दोन मुली थबकल्या, एकमेकींना कोपर मारून हसल्या. बायजाने काचेतूनच त्यांना पाहिलं आणि नाकाच्या शेंड्यावर आणखी थोडं लावलं. कपाळ झालं. गाल झाले. हनुवटी झाली. घाई केली नाही. सारवताना कोपरा न् कोपरा घ्यावा तशी तिची बोटं फिरत होती.

"आत शोषलं जाईल, मावशी, थोड्या वेळात," रुडॉल्फ म्हणाला. "मग पांढरं दिसणार नाही."

"दिसू दे."

ती ट्यूबचं टोपण लावायला लागली, तेवढ्यात शत्रुघ्न पायरी चढून आत आला. त्याने तिच्या हातातली ट्यूब घेतली. चिखलाने कायमच्या भेगाळलेल्या बोटावर जेमतेम वालाएवढं क्रीम काढलं आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"पदर उचल," तो म्हणाला. "वाकल्यावर ऊन मानंवरच पडतं."