आबांचा तांब्या

आबा एकदा वाट चुकले, तेव्हापासून कामावर जाताना लेक सिडकोतल्या फ्लॅटला बाहेरून कुलूप घालायचा. त्या दिवशी आठवड्यानं आलेलं नळाचं पाणी गढूळ होतं, म्हणून आबांनी गावच्या सवयीनं सगळ्या पिंपांत तुरटी फिरवली, तशी माशांच्या टाकीतही. दुपारपर्यंत टाकी दुधाळ झाली, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. त्यांनी लेकाला फोन लावला. "इंद्रजीत, मासे मरायलेत. येऊन दार उघड, शेजारून पाणी आणतो." "तुम्ही परत हरवाल, आबा. संध्याकाळी येतोच." एकेक मासा उलटा झाला. शेवटचा आबांनी ओंजळीत धरला आणि पिण्याच्या तांब्यात सोडला; जारचं, बिनतुरटीचं पाणी तेवढंच होतं. तहानलेले आबा त्याचं गोल गोल फिरणं बघत बसले. दिवेलागणीला कुलूप निघालं. आबांनी लेकाच्या हातात तांब्या दिला. "गावाकडं, फुलंब्रीला चल. ह्याला आपल्या विहिरीत सोड, अन् मला घरी."