अभिषेकाचा मध

आमच्या ठमी मांजरीला शुगर निघून आठवडाच झालेला. "आई, आधी तिला खाऊ द्या, मग इन्सुलिनची सुई," सून मुक्ता म्हणाली. मी म्हटलं, "चार पोरं वाढवलीत, मांजराचं मला शिकवू नकोस." सुई टोचून पूजेला बसले. ठमीनं वाटी नुसती हुंगली. घटकाभरानं ती माझ्याशेजारी लटपटली, आडवी झाली. डोळे उघडे, पण ओळख नाही. मी मुक्ताला हाक मारली. मुक्तानं फ्रीगंज भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "आई, शुगर उतरलीय! हिरड्यांना मध चोळा म्हणतायत!" अभिषेकाचा मध समोरच होता. "हा तर महादेवाला चढवायचाय," ती चाचरली. "त्याच्याशी मी निपटेन, तू तिचं डोकं धर." बोट बुडवून चोळत राहिले. "चुकले गं, ठमे," म्हटलं, तेही सुनेच्या देखत. तेवढ्यात बोटात कचकन दात रुतले. "चाव, मेले," मी ओरडले, "अजून चाव."